विजेच्या मोटारीची बॅटरी : पल्ला, आयुष्य आणि पालट

विजेवर चालणारी मोटार ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. हिरव्या पाटीच्या गाड्या पुण्यामुंबईच्या रस्त्यांतून आवाज न करितां जातांना रोज दिसतात, आणि मुलेंहि त्यांच्याकडे वळून पाहत नाहींत. परंतु घरांत मोटार घेण्याचा विचार सुरू झाला आणि विजेच्या गाडीचें नांव निघालें, कीं बैठकीचा रंग पालटतो. एकदां भरल्यावर ती किती दूर जाईल, असें एकजण विचारतो. तिची बॅटरी किती वर्षें टिकेल, असें दुसरा विचारतो. आणि ती थकल्यावर तिच्या जागीं नवी, कदाचित् अधिक मोठी, बॅटरी बसवितां येईल काय, ही शंका घरांतील वडील मंडळी काढतात. या तिन्ही शंका अनाठायी नाहींत. गाडीच्या किंमतीचा फार मोठा वांटा एकट्या बॅटरीचा असतो; ती फसली तर कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक फसली असें होतें.

हे प्रश्न बहुधा वेगवेगळे विचारले जातात आणि विक्रेताहि त्यांचीं उत्तरें वेगवेगळीं देतो. पहिल्यास तो एक आंकडा सांगतो, दुसऱ्यास हमीचा कागद दाखवितो, आणि तिसऱ्यास, पुढचें पुढें पाहूं, असें म्हणून हंसतो. वस्तुतः हे तिन्ही प्रश्न एकाच प्रश्नाचीं तीन अंगें आहेत. तो मूळ प्रश्न असा : आपली रोजची गरज आणि बॅटरीची ताकद यांच्यामध्यें सवड किती आहे, आणि ती सवड उन्हांत किती दिवस शाबूत राहील? एवढें ध्यानांत घेतलें, तर बाकीच्या गोष्टींचा उलगडा सहज होतो.

प्रथम बॅटरी मोजतात कशी, हें पाहूं. घरच्या विजेच्या बिलावर जें 'युनिट' छापलेलें असतें, त्यालाच शास्त्रीय भाषेंत किलोवॅट-तास म्हणतात. मोटारीची बॅटरी किती मोठी, हेंहि त्याच मापानें सांगतात. तीस युनिटांची बॅटरी म्हणजे तीस युनिटें वीज सांठविणारा रांजण. मात्र हा रांजण एकसंध नसतो. शेंकडों लहान विद्युत्घट एकमेकांस जोडून, त्यांची पेटी गाडीच्या तळाशीं बसविलेली असते. बहुतेक गाड्यांतील घट लिथियम-आयन जातीचे असतात. हे घट १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणले, आणि त्यांच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पल्ल्याकडे वळूं. निस्सान या जपानी कंपनीनें 'लीफ' नांवाची विजेची मोटार डिसेंबर २०१० मध्यें जपान आणि अमेरिका या देशांत विकावयास काढली. तिची बॅटरी २४ युनिटांची होती. या गाडीचा पल्ला जपानी सरकारी कसोटीप्रमाणें २०० किलोमीटर ठरला, युरोपीय कसोटीप्रमाणें १७५ किलोमीटर, आणि अमेरिकन कसोटीप्रमाणें ७३ मैल, म्हणजे सुमारें ११७ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच. आंकडे मात्र तीन. यांत कोणी खोटें बोललें असें नाहीं. प्रत्येक देशाची कसोटी निराळी असते. कोठें गाडी सावकाश आणि थांबत थांबत चालवितात, तर कोठें वेग अधिक ठेवून थंड हवेचें यंत्रहि चालू ठेवितात. वेग वाढला कीं हवेचा अडथळा फार झपाट्यानें वाढतो, आणि वीज त्या मानानें खर्च होते.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आलेल्या टाटांच्या नेक्सॉन विजेच्या गाडीचें घेतां येईल. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या संस्थेनें प्रमाणित केलेला तिचा पल्ला ३१२ किलोमीटर होता. साधा भागाकार केला, तर एका युनिटांत ती दहा किलोमीटरांहून थोडें अधिक जाते असें दिसतें. थंड हवेचें यंत्र लावून, चार माणसें बसवून, द्रुतगति मार्गानें जाणाऱ्या गृहस्थाला मात्र त्या आकाराच्या गाडींतून युनिटामागें सहा-सात किलोमीटरांवर समाधान मानावें लागतें. तेव्हां कागदावरील पल्ला हा दोन गाड्यांची तुलना करण्याचा गज आहे. प्रवासाचा बेत त्यावर आंखूं नये. बेत आंखावयाचा तो त्याच्या दोन-तृतीयांशावर.

पल्ल्याचा प्रश्न असा गणितानें सुटतो. आयुष्याचा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि तो ज्या गांवीं प्रथम तीव्रतेनें उभा राहिला तें गांव म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडील फीनिक्स शहर. हें ॲरिझोना राज्याचें राजधानीचें ठिकाण वाळवंटांत वसलेलें असून जुलै महिन्यांत तेथील दुपारचें उष्णतामान सरासरी ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें. तेथील अनेक हौशी आणि सुशिक्षित गृहस्थांनीं लीफ गाडी अगदीं पहिल्या खेपेला विकत घेतली. गाडीच्या पुढील फलकावर बॅटरीची धारणाशक्ति दाखविणाऱ्या बारा रेघा असत. सुमारें १५ टक्के शक्ति गेली म्हणजे पहिली रेघ नाहींशी व्हावी, आणि मग दर सुमारें सहा टक्क्यांस एकेक, अशी योजना होती. पांच वर्षांनीं सुमारें ८० टक्के शक्ति शिल्लक राहील, असें कंपनीचें सर्वसाधारण अनुमान होतें. परंतु २०१२ च्या उन्हाळ्यांत, गाडी घेऊन दोन वर्षेंहि झालीं नसतां, फीनिक्सच्या अनेक गाड्यांवरील रेघा एकामागून एक मावळूं लागल्या.

यांत किती हानि झाली तें मोजून पाहावें. ११७ किलोमीटरांचा १५ टक्के भाग गेला, तर उरले सुमारें ९९ किलोमीटर. ज्या गृहस्थाचें कामाचें ठिकाण घरापासून २५ किलोमीटरांवर असेल, त्याला ही गोष्ट जाणवणारहि नाहीं. परंतु ज्याचें अंतर ५० किलोमीटर असेल, त्याची गाडी काल घरीं पोंचत होती आणि आज फाटकाशीं येऊन थांबणार! बॅटरी दोघांचीहि सारखीच म्हातारी झाली. संकटांत मात्र एकच सांपडला. गेलेले टक्के दोघांचेहि तितकेच होते, परंतु ज्याच्यापाशीं सवड नव्हती त्यालाच ते भोंवले.

गाड्यांच्या मालकांनीं सप्टेंबर २०१२ मध्यें एकत्र येऊन आपल्या गाड्या एकाच रस्त्यावर चालवून पाहिल्या. कंपनीनेंहि कांहीं गाड्या आपल्या चाचणीच्या मैदानावर नेऊन तपासल्या आणि बॅटऱ्यांत दोष नसल्याचें सांगितलें. दोष नव्हता हें एका अर्थीं खरेंच होतें. जें घडत होतें तें रसायनशास्त्राच्या नियमानुसारच घडत होतें. परंतु गिऱ्हाइकाचें समाधान नियमानें होत नाहीं. २०१२ च्या अखेरीस कंपनीनें अमेरिकेंत हमी जाहीर केली : पांच वर्षें अथवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारें ९६,००० किलोमीटर, यांच्या आंत बारांपैकी नवाहून कमी रेघा उरल्यास बॅटरी दुरुस्त करून अथवा बदलून देण्यांत येईल. आज प्रत्येक विजेच्या मोटारीबरोबर 'इतक्या वर्षांत इतके टक्के' अशी जी हमी मिळते, तिच्या जडणघडणींत फीनिक्सच्या त्या उन्हाळ्याचा मोठा वांटा आहे.

आतां तो रसायनशास्त्राचा नियम कोणता, हें समजून घेतलें पाहिजे. विद्युत्घटांत समोरासमोर दोन फळ्या असतात. एक ग्रॅफाइटची आणि दुसरी धातूंच्या संयुगाची. मध्यें एक द्रव असतो. बॅटरी भरतांना लिथियमचे कण एका फळींतून निघून द्रवांतून दुसरींत जातात. गाडी चालतांना ते परत येतात. दोन हौदांच्या मध्यें कावडी घेऊन येरझारा घालणाऱ्या पाणक्यांसारखें हें काम आहे. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर द्रवाच्या संयोगानें एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. तो अवश्यहि आहे, कारण तो फळीचें रक्षण करतो. परंतु तो कालांतरानें जाड होत जातो आणि प्रत्येक थरांत लिथियमचे कांहीं कण कायमचे गुंतून पडतात. पाणक्यांपैकी कांहीं वाटेंतल्या चिखलांत रुतावे आणि पुन्हां बाहेर येऊं नयेत, तसें हें होतें. हौद तेच असतात, पण पाणी वाहणारे हात कमी होतात.

हा पापुद्रा वाढविणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत. पहिला काळ, त्याला इलाज नाहीं. दुसरी उष्णता, दर दहा अंशांमागें अशा विक्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रज्ञांचा एक ढोबळ आडाखा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे घट काठोकाठ भरून ठेवणें. पूर्ण भरलेल्या घटांतील ताण अधिक असतो, आणि त्या स्थितींत तो जितका वेळ राहील तितकी झीज अधिक. यावरून दिसून येईल कीं, बॅटरी केवळ गाडी चालविल्यानेंच झिजते असें नाहीं. गाडी नुसती उभी असतांहि बॅटरी म्हातारी होत असते, आणि काठोकाठ भरून भर उन्हांत उभी केलेली गाडी सर्वांत लवकर म्हातारी होते. फार थंड स्थितींत वेगानें वीज भरणेंहि घातक असतें, कारण त्या वेळीं लिथियम फळीच्या आंत न शिरतां तिच्या अंगावर धातुरूपानें साचतें. परंतु आपल्या बहुतेक प्रांतांत हें भय थोडें.

या संबंधांत लीफच्याच इतिहासांतील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेंत विकल्या गेलेल्या पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांत, बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरून थांबावी अशी कळ होती. दीर्घायुष्यासाठींच ती ठेविलेली होती. परंतु तेथील सरकारी खात्यानें २०१३ सालच्या गाडीचा पल्ला ठरवितांना ८० टक्के आणि १०० टक्के या दोन्ही भरण्यांची सरासरी धरली. त्यामुळें कागदावर ७५ मैल, म्हणजे सुमारें १२१ किलोमीटर, एवढाच आंकडा आला. पुढील वर्षाच्या गाडींतून ती कळच काढून टाकण्यांत आली, आणि पल्ला एकदम ८४ मैल, म्हणजे १३५ किलोमीटर, असा छापला गेला. बॅटरी होती तेवढीच होती. जाहिरातींतील आंकडा सुधारला आणि बॅटरी जपण्याचें एक साधन गेलें. आंकड्याच्या मागें धांवणारें गिऱ्हाईक अशा रीतीनें आपलेंच नुकसान ओढवून घेतें.

उष्णतेवर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. पहिल्या लीफची बॅटरी बंद पेटींत असे आणि तिला निववावयास बाहेरच्या हवेवांचून दुसरें साधन नव्हतें. इतर कित्येक कारखानदारांनीं बॅटरीच्या भोंवतीं थंड द्रव खेळविणाऱ्या नळ्या बसविल्या. जिओटॅब या कंपनीनें २०२० मध्यें सहा हजारांहून अधिक विजेच्या गाड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत सर्व गाड्यांची सरासरी झीज वर्षास २.३ टक्के आढळली. पण २०१५ सालच्या दोन गाड्यांची तुलना केली असतां, द्रवानें निवविलेल्या टेस्ला मॉडेल एस गाडीची झीज वर्षास २.३ टक्के, तर हवेवर विसंबलेल्या लीफची ४.२ टक्के होती. त्याच कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणींत सर्वसाधारण सरासरी १.८ टक्क्यांवर आली. निस्साननेंहि २०१५ सालच्या गाडीपासून उष्णता अधिक सोसणारें रसायन वापरलें, आणि जून २०२५ मध्यें जाहीर झालेल्या तिसऱ्या पिढीच्या लीफला अखेर द्रवाची निववण दिली. फीनिक्सच्या मालकांनीं जें मागितलें होतें, तें येण्यास इतकीं वर्षें लागलीं.

दुसरा उपाय रसायनाचा आहे. लोह आणि फॉस्फेट यांपासून केलेली फळी वापरली, तर त्याच वजनांत वीज थोडी कमी मावते. परंतु घट अधिक दणकट होतो, उष्णतेनें पेट घेण्याचें भय कमी होतें, आणि पूर्ण भरून रिकामें होण्याच्या दोन-तीन हजार फेऱ्या तो सहज सोसतो. या संयुगाचा घटासाठीं उपयोग दाखविणारा मूलभूत निबंध १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांतून प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत गुडइनफ यांच्या बरोबरीनें पढी आणि नंजुंडस्वामी हीं भारतीय नांवें आहेत, ही गोष्ट श्रोत्यांस संतोष देईल. नेक्सॉनच्या पहिल्या विजेच्या गाडींत याच जातीचे घट होते आणि निववणहि द्रवाची होती. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. तेव्हां फीनिक्सचा धडा विदर्भांतील कुटुंबांस सर्वांत अधिक लागू आहे.

आतां एक घरगुती हिशेब मांडूं. समजा, एका कुटुंबाची गाडी एका भरण्यांत रस्त्यावर खरोखर २०० किलोमीटर जाते, आणि त्यांचें रोजचें जाणेंयेणें ६० किलोमीटर आहे. वर्षांतून ३०० दिवस गाडी बाहेर पडली, तर प्रवास १८,००० किलोमीटर होतो; म्हणजे बॅटरीच्या पूर्ण फेऱ्या वर्षाला अवघ्या ९०. आठ वर्षांत त्या ७२० होतील. दोन-तीन हजार फेऱ्या सोसणाऱ्या घटाला हें ओझें जड नाहीं. काळानें आणि उन्हानें आठ वर्षांत २० टक्के शक्ति नेली असें धरलें, तरी पल्ला १६० किलोमीटर उरतो. ३० टक्के नेली, तरी १४० उरतो. रोजच्या गरजेच्या दुपटीहून तो अधिकच आहे. या कुटुंबाला आठव्या वर्षीं नवी बॅटरी घेण्याचें कांहींच कारण पडणार नाहीं. आणखी एक लाभ असा कीं, पल्ला ऐसपैस असल्यानें त्यांना बॅटरी रोज काठोकाठ भरावी लागत नाहीं. ८० टक्क्यांवर थांबलें तरी काम भागतें. म्हणजे सवड ही दुहेरी कामास येते. बॅटरी झिजली तरी ती अडचण होऊं देत नाहीं, आणि मुळांत झीजहि कमी करते. उलट, गरज आणि पल्ला यांची गांठ जिथें काठावर पडते, तिथें गाडी रोज शंभर टक्के भरावी लागते, रोज तळ गांठावा लागतो, बॅटरी लवकर झिजते आणि झिजलेली ताबडतोब जाणवते.

येथें कोणी म्हणेल, झिजली तर नवी घालूं. आणि आठ वर्षांत शास्त्र पुढें जाईलच, तेव्हां अधिक मोठी घालूं! ही आशा स्वाभाविक आहे, आणि ती सर्वस्वीं खोटीहि नाहीं. निस्साननें जून २०१४ मध्यें अमेरिकेंत जुनी बॅटरी परत घेऊन नवी २४ युनिटांची बॅटरी ५,४९९ डॉलरांस देण्याचें जाहीर केलें. बसविण्याची मजुरी निराळी. जपानांत मार्च २०१८ मध्यें तिनें निराळाच मार्ग काढला. फुकुशिमा प्रांतांतील नामिए गांवीं एक कारखाना निघाला. तेथें परत आलेल्या बॅटऱ्या उघडून त्यांतले सुस्थितींतील भाग निवडतात आणि त्यांची पुन्हां जुळणी करतात. अशी बॅटरी ३ लाख येनांस मिळूं लागली. यामागील तत्त्व ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लीफच्या पेटींत ४८ डबे असतात. ओळीनें जोडलेल्या घटांत सर्वांत दुबळा घट असेल तितकीच सर्वांची ताकद. म्हणून पुष्कळदां सगळी बॅटरी टाकाऊ झालेली नसते. एकादा डबा बदलल्यानें काम भागतें.

मात्र जुन्या गाडींत अधिक मोठी बॅटरी घालणें ही गोष्ट वेगळी. लीफची बॅटरी पुढें ३० युनिटांची झाली, २०१८ सालच्या गाडींत ४० ची झाली आणि २०१९ मध्यें ६२ ची झाली. पेटीचा आकार बराचसा तसाच होता. असें असूनहि जुन्या मालकांना ती मोठी पेटी कंपनीकडून मिळाली नाहीं. कांहीं देशांतील खाजगी कारागिरांनीं ती बसवून दाखविली खरी. पण त्यासाठीं गाडीच्या नियंत्रक यंत्राची समजूत घालणारें एक जादा उपकरण मध्यें बसवावें लागलें, कारण गाडी अनोळखी बॅटरीस सहजासहजीं ओळख देत नाहीं. वजन बदललें, म्हणजे कमानी आणि ब्रेक यांचाहि विचार करावा लागतो. शिवाय हमी, विमा आणि परिवहन खात्याची मान्यता हे प्रश्न उभे राहतात.

कांहीं कारखानदारांनीं स्वतः हा पालट करून दिला. २०१६ मध्यें बीएमडब्ल्यू कंपनीनें आपल्या आय-थ्री गाडीच्या पहिल्या मालकांस निवडक देशांत नवी, मोठी बॅटरी देऊं केली. टेस्लानें आपल्या पहिल्या रोडस्टर गाडीसाठीं डिसेंबर २०१४ मध्यें अधिक ताकदीची बॅटरी जाहीर केली. पुढें तिची किंमत २९,००० डॉलर ठरली. तेवढ्या पैशांत दुसरी चांगली मोटार आली असती! चीनमधील निओ कंपनीनें २०१८ पासून बॅटरी गाडीपासून वेगळी काढतां येईल अशी रचना केली. तेथें थकलेली पेटी काढून भरलेली पेटी कांहीं मिनिटांत बसवितात, आणि भाडें अधिक दिल्यास मोठी पेटीहि मिळते. हा मार्ग सर्वांत सुटसुटीत. परंतु तो चालवावयास केंद्रांचें जाळें आणि अमाप भांडवल लागतें. इस्रायलमधील बेटर प्लेस या कंपनीनें असाच प्रयत्न पूर्वीं केला होता. मे २०१३ मध्यें तिचें दिवाळें निघालें आणि तिच्या गाड्यांचे मालक अधांतरीं राहिले. तात्पर्य, बॅटरीचा पालट हा यंत्राच्या शक्यतेचा प्रश्न थोडा आणि कारखानदाराच्या इच्छेचा फार.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. २०१० च्या सुमारास कारखान्यांतून निघणाऱ्या बॅटरीची सरासरी किंमत युनिटामागें १,००० डॉलरांहून अधिक होती; ब्लूमबर्गच्या पाहणीप्रमाणें २०२४ मध्यें ती ११५ डॉलरांपर्यंत उतरली. दुकानांतील भाव याहून चढाच असतो हें खरें. तथापि आठ वर्षांनीं लागणाऱ्या बॅटरीची किंमत आजच्या भावानें मोजून घाबरणें हें शहाणपणाचें नव्हे. शिवाय मोटारीला नकोशी झालेली बॅटरी निरुपयोगी होत नाहीं. जिची ताकद ७० टक्के उरली आहे, ती गाडीला पुरली नाहीं तरी एका जागीं बसून वीज सांठविण्यास उत्तम असते. ॲम्स्टरडॅम येथील योहान क्रॉयफ क्रीडांगणांत २०१८ पासून १४८ लीफ गाड्यांइतक्या जुन्या-नव्या बॅटऱ्यांचा संच विजेचा सांठा करीत आहे. भारतांतहि २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातु परत मिळविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

तर मग गाडी घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें काय करावें? प्रथम आपलें रोजचें अंतर खरोखर मोजावें. अंदाजानें सांगूं नये. छापील पल्ल्याचा दोन-तृतीयांश घ्यावा, त्यांतून आठ वर्षांची झीज म्हणून चौथा हिस्सा वजा करावा, आणि जें उरेल तें रोजच्या गरजेच्या दुप्पट भरतें कीं नाहीं, हें पाहावें. भरत असेल तर निश्चिंत असावें. याहून मोठी बॅटरी वर्षांतल्या दोन लांबच्या प्रवासांसाठीं घेणें म्हणजे पाहुण्यांसाठीं रोज पंचवीस पानें मांडण्यासारखें आहे. नंतर विक्रेत्यास विचारावें कीं बॅटरी निवविण्यास द्रवाची योजना आहे काय. घट कोणत्या जातीचे आहेत. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरांची आणि किती टक्क्यांची. आणि बिघडल्यास एकादा डबा बदलून मिळतो, कीं सगळी पेटीच घ्यावी लागते. आठ वर्षें अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी आतां सर्वत्र परिचयाची झाली आहे. परंतु टक्क्यांचा शब्द कागदावर नसेल, तर वर्षांच्या शब्दाला अर्थ नाहीं. जुनी गाडी घेणाऱ्यानें तर किलोमीटरांच्या आंकड्यापेक्षां बॅटरींत किती शक्ति शिल्लक आहे, याचा लेखी अहवाल आधीं मागावा.

गाडी घरीं आल्यावरची निगा फार अवघड नाहीं. ती सावलींत उभी करावी. लांबच्या प्रवासाची आदली रात्र सोडून ८० टक्क्यांच्या वर भरूं नये. लोह-फॉस्फेट जातीच्या कित्येक गाड्यांस मात्र मोजमाप नीट राहावें म्हणून अधूनमधून पूर्ण भरावयास कारखानदारच सांगतात. तेथें पुस्तिकेप्रमाणें वागावें. अतिवेगानें भरणारीं रस्त्यावरचीं यंत्रें प्रवासापुरतीं वापरावीं, रोजचें काम घरच्या सावकाश भरण्यावर भागवावें. गांवीं महिनाभर जावयाचें असल्यास बॅटरी निम्म्यावर ठेवून जावें, भरून नव्हे.

जुन्या घरांत पाण्याच्या रांजणाला सावलींत जागा असे. त्याखालीं तिवई असे, वर झांकण असे, आणि घरांतल्या माणसांना किती पाणी लागतें हें पाहूनच तो घेतलेला असे. विजेचा हा नवा रांजण मोठ्या किंमतीचा आहे, परंतु त्याची रीत निराळी नाहीं. गरजेपुरता ऐसपैस घ्यावा आणि उन्हांत ठेवूं नये. मग तो कधीं फुटेल या चिंतेनें झोंप घालविण्याचें कारण राहत नाहीं.